तिसरी प्रत

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात माझं स्वतःचं काही नाही. आमच्या अध्यक्षाच्या अर्जांच्या तिसऱ्या प्रती आहेत, गळ्यापर्यंत भरलेल्या. मी चौथी शिकलेला माणूस. बोट ठेवून वाचतो. सगळं वाचायला बसलो तर उरलेलं आयुष्य पुरायचं नाही. सूनबाई दोनदा म्हणाली, "नाना, रद्दीवाला आलाय, ती ट्रंक रिकामी करायची का?" मी म्हटलं, ट्रंक इथंच राहील, माझं काय ते तुम्ही बघा. त्यानंतर विचारलं नाही.

तो प्रत्येक अर्ज तीन प्रतींत करायचा. पहिली सरकारला, दुसरी त्याला, तिसरी मला. मला कशाला, तर म्हणायचा, "माझं घर जळालं तर?"

"आन माझं जळालं तर?"

त्यानं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "दोन्ही एकदम जळाली तर गावात काय ऱ्हायलंच न्हाई आसं समजायचं."

पहिली प्रत टेबलावर ठेवली की दुसऱ्या दोन प्रतींवर पोचेचा शिक्का घ्यायचा. आणि शिक्का पुरता उमटला पाहिजे. कारकुनानं घाईत अर्धा गोल मारला, तर हा कागद त्याच्या पुढ्यात सरकवायचा. "सायेब, आर्धं कार्यालय आलंय. उरलेलं आर्धं रजेवर हाय का?" तहसील कचेरीत याला बघितलं की कारकून आधी शाईची डबी उघडून बघायचे.

"शिक्का न्हाई तर ते झालंच न्हाई." हे त्याचं बोलणं. गावात पोरं चेष्टा करायची की लग्नात यानं अक्षता पडल्यावर भटजीकडं पोच मागितली होती. ते खोटं असेल. पण त्याला बघितलेल्या माणसाला खोटं वाटायचं नाही.

त्यालाही कारण होतं. तरुणपणी तो पिंपरीला एका कारखान्यात वायरमन होता. कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांनी तोंडी शब्द दिला की सगळ्यांना दुसऱ्या प्लांटात घेऊ. कुणालाही घेतलं नाही. विचारायला गेले तर म्हणाले, असं कोण म्हणालं, कागद दाखवा. तेव्हापासून तो कागदाच्या मागे लागला तो लागलाच. पिंपरीहून येताना त्यानं दोनच वस्तू आणल्या होत्या, कार्बन पेपरचा डबा आणि तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं. त्या तारेचा तुकडा कायम त्याच्या शर्टाच्या खिशात असायचा.

आमच्या दोघांच्या जमिनी चाकणच्या बाजूला, बांधाला बांध लागून. एकाच वर्षी एमआयडीसीत गेल्या. माझ्या जमिनीवर गोदामं आली. त्याच्या जमिनीवर गाड्यांचे सुटे भाग करणारी मोठी कंपनी आली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो कंपाउंडच्या बाहेर उभा राहून दाखवायचा. "ते निळ्या पत्र्याचं शेड दिसतंय का? तिथं आमची विहीर. आन ते सायबाची गाडी लागलीय ना, तिथं माझ्या बापानं लावलेल्या चिंचेचा बुंधा." त्याचं म्हणणं एवढंच होतं, की जमीन गेली ती गेली, पोरगा त्या गेटातून कामाला आत जावा. दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितलं नाही. बाकीचं सगळं त्यातून वाढलं.

पोरगा आयटीआय झाला, इलेक्ट्रिशियन. बापासारखा हात. पहिल्या दिवशी हा त्याला नवा शर्ट घालून घेऊन गेला. गेटावरच्या मुलानं फॉर्म बघितला, पत्ता वाचला आणि फॉर्म परत दिला. "काका, लोकल घेत नाहीत. लोकलला जत्रेची सुट्टी लागते, मयताची लागते, आणि काही झालं की सगळं गाव गेटावर येतं. वरून ऑर्डर आहे."

"वरून म्हंजी कुठून?"

"वरून म्हणजे वरून, काका."

"लिहून दे."

तो मुलगा हसला. त्या हसण्यातून समिती निघाली, आणि हा तिचा अध्यक्ष झाला.

समितीचं नाव इतकं लांब होतं की रबरी शिक्क्यात मावेना. शेवटचे दोन शब्द शिक्क्याच्या बाहेर पेनानं लिहायला लागायचे. मागण्या चार. कंपन्यांत शंभरातल्या ऐंशी जागा तालुक्याला, आणि तसा कायदा, नुसतं परिपत्रक नको. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांची संख्या सरकारनं कमी करावी. ग्रामपंचायतीनं त्यांना रहिवासी दाखला देऊ नये. आणि समितीला विचारल्याशिवाय कुणी खोली भाड्यानं देऊ नये.

ही चौथी मागणी माझ्या अंगावर आली. गोदामाच्या मागं उरलेल्या तुकड्यात मी बारा खोल्या बांधल्या होत्या. बिहारची, ओडिशाची, उत्तर प्रदेशाची माणसं राहायची. शेत गेल्यावर मला दुसरं काय येत होतं? त्यानं भरसभेत माझ्याकडं बोट केलं. "ह्यो बगा. जमीन सरकारनं घेतली, गाव ह्यो देतोय."

मी म्हटलं, "आन तू कागुद देतोस. कागुद खाऊन पोट भरतं व्हय रं?"

लोक हसले. ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझ्या घरचा चहा सोडला. पण येणं सोडलं नाही, ते त्याला जमणारं नव्हतं. रोज सकाळी थर्मासमध्ये स्वतःचा चहा घेऊन यायचा, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्यासमोर, स्वतःच्या कपात ओतून प्यायचा. आमच्या हिनं एकदा कप पुढं केला तर म्हणाला, "न्हाई वैनी, ह्या घरचं दूध परप्रांतीय झालंय." हिला हसावं की रडावं कळेना. तिसरी प्रत मात्र थर्मासच्या शेजारी ठेवून जायचा. भांडण होतं, पण प्रत चुकली नाही.

चहा झाला की तो माझ्या चाळीत शिरायचा. सरकारकडं बाहेरच्या माणसांचा खरा आकडा नाही, तो आपण द्यायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. नावं विचारली तर माणसं घाबरून पळतात. म्हणून तो दाराबाहेरच्या चपला मोजायचा. एक जोड म्हणजे एक माणूस. पहिल्या खोलीत सात, दुसरीत पाच, वहीत टिपून घ्यायचा.

एकदा ओडिशाचा बिजय नावाचा फिटर दारात दात घासत होता. त्यानं याला वही घेऊन वाकलेला बघितलं. "चाचा, जनगणना है क्या?" म्हणून त्यानं खोलीतल्या सगळ्यांना उठवलं आणि चपला ओळीनं लावून दिल्या, मोजायला सोपं जावं म्हणून. अध्यक्ष गडबडला. मोजता मोजता एका चपलेचा अंगठा तुटलेला दिसला. थांबला. मग तिथंच उकिडवा बसला, खिशातली तार काढली, अंगठा वळवून पक्का केला, टोक आत दाबलं म्हणजे पायाला टोचू नये.

मी ओट्यावरून ओरडलो, "अध्यक्ष, परप्रांतीयाची चप्पल शिवतोस व्हय?"

"तुटकी मोजली तर आकडा खोटा पडंल," तो न बघता म्हणाला. "निम्मा मानूस धरायचा का सबंध?"

असा होता. मी कितीही भांडलो तरी तो माणूस वाईट होता असं मला कुणी म्हणायला लावू शकत नाही.

तो मुंबईला मंत्रालयात गेला, हिवाळी अधिवेशनाला नागपूरला गेला. बरोबर थर्मास आणि गुंडाळलेल्या भाकऱ्या. परत आला की आम्ही विचारायचो, काय झालं? तो उत्तराचा कागद काढून मोठ्यानं वाचायचा. "आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे." उद्योगवाल्यांनी कामगारकडं, कामगारवाल्यांनी परत उद्योगकडं. तो कागद तारखेपासून खालच्या सहीपर्यंत वाचायचा, एक अक्षर गाळायचा नाही. आणि शेवटी, "सही हाय. शिक्का पुरता उमटलाय." कागदात काय आहे यापेक्षा त्याला ते मोठं वाटायचं. मधे आमदार दोनदा बदलले. दोघांनीही याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढले.

या सगळ्यात पोराचं वय चाललं होतं. दिवसभर तो मोटारी दुरुस्त करायचा, कुणाच्या घरची वायरिंग करायचा. बापाच्या सभेत माइक जोडून द्यायचा. लग्नाच्या बोलण्यात पहिला प्रश्न, कंपनीत आहे का? नाही म्हटलं की पाहुणे चहा पिऊन उठायचे.

एक दिवस दुपारी तो माझ्याकडं आला. म्हणाला, "नाना, तुमच्याकडं एक खुंटी रिकामी हाय का?"

"खुंटी? कशाला?"

पिशवीतून त्यानं युनिफॉर्म काढला. खिशावर त्याच कंपनीचं नाव. कामही त्याच शेडमध्ये, जिथं यांची विहीर होती.

त्याची आई निपाणीच्या बाजूची. माहेर मराठीच, घरात सगळी मराठी बोलणारी, पण कागदावर कर्नाटक. तिनंच भावाकडून लाइट बिल मागवून घेतलं होतं. पोरानं आधार कार्डावर मामाचा पत्ता टाकला आणि बाहेरच्या राज्याचा म्हणून कंत्राटदाराकडं उभा राहिला. दुसऱ्या दिवशी घेतला.

"आप्पांला सांगितलंय तळेगावला वर्कशॉप हाय म्हणून. कपडे घरी नेता येत न्हाईत. नाना, तुमाला शपथ हाय."

मी शपथ मानली. सात महिने तो युनिफॉर्म माझ्या माजघरात, माझ्या कोटाच्या शेजारी होता. सकाळी पोरगा यायचा, कपडे बदलायचा, मागच्या दारानं जायचा. थोड्या वेळानं पुढच्या ओट्यावर बाप यायचा, थर्मास उघडायचा, परप्रांतीयांना हटवायचं कसं ते मला सांगायचा. मी ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटायची. माझ्याकडं भरसभेत बोट केलंस काय, बस बोंबलत, असं वाटायचं. आता त्याची लाज वाटते.

मग निवडणूक तोंडावर आली, आणि इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते पंधरा दिवसांत झालं. आमदारानं कंपनीत बैठक लावली. कायदा वगैरे काही नाही. पण एवढं ठरलं, की त्या एका कंत्राटदाराकडच्या बाहेरच्या राज्याच्या पत्त्याच्या लोकांना कमी करायचं आणि त्या जागा गावातल्या पोरांना द्यायच्या. लेखी, सहीशिक्क्यानिशी. यादी कंपनीनं बंद पाकिटात द्यायची आणि रविवारी सकाळी भैरवनाथाच्या सभामंडपात अध्यक्षानंच उघडून वाचायची, भोंग्यावर. तशी त्याचीच अट होती, मागून कुणी नाही म्हणायला नको म्हणून.

शनिवारी पोरगा माझ्यासमोर बसला होता, पांढराफटक. "नाना, यादी पत्त्यावरनं काढलीय."

त्या रविवारी मी लवकर उठून त्याच्या घरी गेलो. शपथ मोडायची असं ठरवून गेलो होतो. तो दारातच टेबलावर पांढरा शर्ट इस्त्री करत होता. इतका खुश मी त्याला जमीन जायच्या आधी कधीतरी बघितलं असेल. मला बघून म्हणाला, "या, या! आलास का माफी मागायला?"

बास. एवढंच. चेष्टेनं म्हणाला होता, ते मला कळलंही. पण माझ्या मस्तकात काय शिरलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुझी? मेलो तरी न्हाई." आणि वळलो. त्यानं मागून हाक मारली, "आरं नाना, चहा तरी घे, माझा देशी हाय!" मी मागं बघितलं नाही. दोन शब्द होते माझ्याकडं. घरी परत आणले.

मी खोल्या दिल्या त्यात चुकलो असं मी आजही म्हणत नाही. त्या सकाळचं मात्र मला काही म्हणता येत नाही.

सभामंडपात मी गेलो नाही. पोरगाही गेला नाही. आम्ही दोघं माझ्या अंगणात, भोंगा गावभर ऐकू येत होता. चाळीतली माणसं दारात उभी. एकेक नाव येत होतं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जिल्हा, राज्य. तो काही गाळत नव्हता. बिजयचं नाव आलं तेव्हा बिजयनं नुसतं कपाळ पुसलं.

मग पोराचं नाव आलं. नुसतं पहिलं. आपल्याकडं पोराच्या नावापुढं बापाचं नाव असतं. भोंग्यातून खरखर ऐकू आली. कितीतरी वेळ नुसती खरखर. पोरगा खाली मातीकडं बघत होता.

मग बापानं स्वतःचं नाव वाचलं. आडनाव वाचलं. मेहुण्याचं गाव, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. आवाज तोच. त्यापुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, सगळी यादी संपवली. आणि शेवटी, "खाली सही. शिक्का." पुरता उमटलाय, एवढं त्या दिवशी म्हणाला नाही.

पोरगा आत गेला, खुंटीवरचा युनिफॉर्म काढला, मांडीवर ठेवून घडी घातली. "नाना, ह्यो परत जमा करावा लागंल का?"

मंडपात पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. आमदाराचा माणूस याच्या कानाशी लागला. "अध्यक्ष, एक नाव खोडता येईल. मी बोलतो." हा म्हणाला, "यादी समितीनं मागितली. माझ्या घरासाठी खोडलं तर परत्येकाला घर हाय." त्याची बायको, आमच्या वहिनी, खांबाला धरून उभ्या होत्या. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वाचताना तुमची जीभ झडली न्हाई?" त्यानंतर वहिनी त्याला जेवण वाढायच्या, पण बोलल्या नाहीत.

बिजय पूर्वी होसूरला, तमिळनाडूत, कामाला होता. त्यानंच तिथल्या एका मुकादमाला फोन लावून दिला. तीन दिवसांनी पोरगा गेला. बापाला भेटला नाही. बाप घरातच होता, दार उघडंच होतं.

कंपनीत गावातली पोरं घेतली, फोटो निघाले. निवडणूक झाली. महिन्याभरानं नव्या कंत्राटदाराची बस आली आणि नवी माणसं उतरली, कुठली ती कुणी विचारलं नाही. यादी पुन्हा करावी लागली असती. समितीची माणसं त्याच्याकडं गेली तर तो म्हणाला, "कार्बन संपलाय."

पुष्कळ दिवसांनी एका सकाळी तो माझ्या ओट्यावर आला. हातात थर्मास नव्हता. बसला. आमच्या हिनं न विचारता कप आणून ठेवला, आणि त्यानं तो घेतला. चाळीतली पहिली पाळी निघत होती, चपला उचलल्या जात होत्या. तो त्या चपलांकडं बघत होता, मोजत नव्हता.

मग म्हणाला, "नाना, तिथं त्याला खोली देत आसतील ना रं?"

मी म्हटलं, "देत्यात. सात जणात हाय. फोन येतो मला."

"तुला येतो." त्यानं मान हलवली. "बरं हाय. यिऊ दे."

मला त्याला सांगायचं होतं, मी त्या सकाळी कशाला आलो होतो ते. तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "तू माफी मागायला आला नव्हतास त्या दिवशी. नंतर माझ्या ध्यानात आलं." आणि कप पालथा घालून उठला.

दोन दिवसांनी तो माझ्याकडून होसूरचा पत्ता घेऊन गेला. मग तीन प्रतींत अर्ज करून आणला. कार्बन संपला नव्हता. पाकिटावर पत्ता इंग्रजीत पाहिजे होता. तो चाळीत गेला, बिजयच्या दाराशी उभा राहिला. बिजयला तळेगावला काम लागलं होतं, खोली माझ्याकडंच होती. बिजयनं त्याला खुर्ची दिली, पत्ता लिहिला, मोबाईलमध्ये बघून पिनकोड टाकला. अध्यक्षानं पाकीट पोचपावती लावून पोस्टात टाकलं, आणि तिसरी प्रत माझ्याकडं दिली.

ही एक प्रत मात्र मी पुरती वाचली आहे. बोट ठेवून, पुष्कळदा.

"प्रति, मा. सरपंच साहेब. विषय : आमचा मुलगा आपल्या गावी राहावयास आल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की आमचा मुलगा आपल्या गावी कामाला आला आहे. तो कोणाची जागा अडवण्यास आलेला नाही. त्याला इथे काम मिळाले होते, ते माझ्या हातून गेले. वायरिंगचे काम चांगले करतो. चपला दाराबाहेर ओळीने ठेवतो, तशी त्यास सवय आहे. आपल्याकडे बाहेरच्या माणसांची यादी होत असल्यास त्याचे नाव वाचताना त्याला आधी सांगावे. कळावे."

खाली सही. समितीचा शिक्का नव्हता.

मराठीतला अर्ज तिथं कोण वाचणार, असं मी म्हटलं नाही. त्याला ते माहीत होतं. तो रोज पोस्टमनची वाट बघायचा, आमच्या ओट्यावरून, आमचाच चहा पिऊन. सव्वा महिना बघितली. मग एक दिवस आला नाही. छातीत दुखलं, चाकणला नेईपर्यंत संपलं. पोरगा चौथ्या दिवशी आला, दहावा करून गेला, रजा तेवढीच होती. तो अर्ज मी त्याला दाखवला नाही. कसा दाखवू? एकदा तोंड बंद ठेवायची सवय लागली की अशी लागते.

पोचपावती त्यानंतर आली. पोस्टमन म्हणाला, अध्यक्ष तर गेले, आता ही कुणाला द्यायची? मी म्हटलं, माझी आहे. ती मी तिसऱ्या प्रतीला टाचून ट्रंकेत ठेवली आहे. सही तमिळमधली आहे, गोल गोल, कुणाची ते मला कळत नाही. बिजयलाही वाचता आली नाही.

शिक्का पुरता उमटलेला आहे.